गाडीच्या हँडलची माळ

आमच्या शहाद्यात माणूस पडला तरी लोक आधी विचारतील, गाडी कशी आहे? मी हलीमा, इद्रिसची बायको. रागानेच बोलते, बोलू द्या.

माझ्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पण दर दसऱ्याला तो लोणखेड्याच्या रूपचंदशेठची विलायती फटफटी शर्यतीत चालवायचा. लोणखेडा ते म्हसावद, सगळा कच्चा रस्ता, नुसता धुरळा. दरवेळी पहिला. आणि दरवेळी शेठ गाडीला कुंकू लावायचे, पेढा तिच्या टाकीवर ठेवायचे. म्हणायचे, "गाडीच भारी शे, इद्रिस. तू नुसता बठेल व्हता."

अरे वा! मग धाडायची होती तिला एकटीला!

जर्मनच्या लढाईच्या आदल्या वर्षी सुरतेहून गाड्या विकणारा माणूस शर्यत बघायला आला. सकाळी गाडी फिरवून बघणाऱ्या इद्रिसला म्हणाला, "या गाड्या मी किती विकल्या, पण अशी पळताना एकही पाहिली नाही. आज जिंक, मुंबईच्या शर्यतीला तुला नेतो."

इद्रिसला घास गिळवेना. "हलीमा, कुणीतरी मला बघितलं गं," म्हणाला.

शर्यतीआधी शेठच्या बायकोने, जसोदाबाईंनी, गाडीची पूजा केली आणि हँडलला झेंडूची जाड माळ बांधली.

इद्रिस म्हणाला, "शेठ, माळ काढू का? चाकमा जाई."

"दसराना दिन शे! पूजानी माळ कोनी काढस का?" शेठ खवळले. "तिन्हामुळेच जितस तू."

मुंबईपायी इद्रिसने माळ तशीच ठेवली आणि गाडीवर बसला.

म्हसावदच्या अलीकडच्या वळणावर आम्ही सगळे लॉरीने आधीच जाऊन उभे होतो. तिथे आला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. माळ सुटली, पुढच्या चाकात गुंडाळली गेली. गाडी कपाशीत आडवी झाली, खाली त्याचा पाय. लोक धावले ते गाडीकडे. शेठ उपरण्याने टाकी पुसत म्हणाले, "वाचनी रे बाई!" मी एकटी ओरडत होते, अरे, माणूस खाली आहे!

सुरतवाल्याने गाडी चालू करून पाहिली. "गाडी उत्तम. माणूस कच्चा निघाला," म्हणाला. मुंबईला त्याने गाडी नेली, वर बसायला दुसरा कुणी.

इद्रिसचा पाय वाकडाच जुळला. गाडी लॉरीत चढवली त्या दिवशी मी बघायला गेले होते. घरी आले तर खाटेवरून त्याने विचारलं, "माळ घातली होती का तिला?"

"घातली होती. लॉरीत चढवताना काढली."

"का?"

"चाकात जाईल म्हणून."