खारवलेला कान

तुळसाची म्हैस पोट फुगून मेली ती चौऱ्याऐंशी साली, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. फोंडाघाटच्या बाजारातल्या सत्यवानाच्या हॉटेलला ती दूध घालायची. "दसऱ्यापर्यंत थांबतंय," सत्यवान म्हणाला, "मगे दुसऱ्याचा दूध लावतलंय."

म्हशीचा विमा होता. म्हणजे तिच्या कानात पितळी बिल्ला होता आणि तुळसाकडे एक कागद होता. कागदाच्या पुढे काय मिळेल ते छापलं होतं, मागे बारीक अक्षरांत ते का मिळणार नाही ते.

आधी औषध दिलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनीच मेल्याचा दाखला दिला आणि बजावलं, बिल्ला कानासकट हजर करायचा. नुसता बिल्ला लोक दुसऱ्या म्हशीचा म्हणून आणतात.

मेल्या जनावरावर कोयता चालवायला गावात कोणी तयार होईना. दीर बाबली म्हणाला, "वयनी, माका मगे आंघोळ करूची लागतली."

"कर मां. पाणी तापवन देतंय."

बाबली तरीही आला नाही. शेवटी तुळसानेच कान कापला. विमा कचेरीला चतुर्थीची सुट्टी, उघडणार नवव्या दिवशी. तुळसाचं माहेर मालवणचं, त्यामुळे नऊ दिवस वस्तू टिकवायची कशी हे तिला कोणी शिकवायला नको होतं. बांगडा खारवतात तसा तिने कान बरणीत मिठात घातला आणि वर कोकमाचं आगळ ओतलं.

नवव्या दिवशी कचेरीला जाताना मालवणच्या एसटीत शेजारच्या बाईने नाक वर करून वास घेतला. "बांगडो काय गो?"

"व्हय."

"बरो खारवलंस," बाई म्हणाली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

विमा कचेरीत गुरुदास साहेबांनी बरणीचं झाकण उघडलं, लावलं आणि मग खिडकी उघडली.

"कागदावर म्हैस काळी आहे. कान तांबूस दिसतो."

"आगळ लागलाहा सायबा. बिल्ल्याचो नंबर बगा."

"नंबर जुळतो. म्हणून तर प्रकरण वादग्रस्त झालं. नंबर एका म्हशीचा, रंग दुसरीचा."

"आणि डॉक्टरच्या औषधाचा बिल?"

"उपचाराचा खर्च कलम नऊने वगळलाय."

"मगे औषध दिलंच नसतंय तर?"

"तर हयगय. कलम आठ. म्हशीचेही पैसे नाहीत."

"म्हणजे औषध देवकच होया आणि त्याचे पैसे मिळूचे नाय."

"आलं बघा लक्षात," साहेब म्हणाले. मठ्ठ पोराला पाढा आल्यावर मास्तर खूष होतात, तसे ते खूष झाले. "कोल्हापूरला लिहितो. उत्तर आलं की कळवू."

"दसऱ्याआधी येतला?"

"कुठल्या दसऱ्याआधी?"

तुळसाने बरणीवर हात ठेवला. मग म्हणाली, "कान हजर केलो म्हणान तेवढा लिवन द्या."

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी आवक नोंदवहीत लिहिलं, 'कान, एक (तांबूस)', शिक्का मारला आणि पोच दिली. तुळसाने टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, त्यावर बरणी पालथी करून कान काढला आणि रिकामी बरणी पिशवीत घातली.

"अहो, हे काय?"

"बरणी माझ्या आवशीची. तुमच्या वहीत नाय ती."

नोंद झालेला पुरावा निकाल लागेपर्यंत फेकता येत नाही, हा नियम साहेबांना तोंडपाठ होता. कान फाइलीत मावेना म्हणून कपाटात ठेवला. मीठ होतं तोवर त्याने जरा माणुसकी पाळली. मग भाद्रपदाचं ऊन तापलं. दुसऱ्या दिवशी खालच्या फळीवर पाणी ठिबकू लागलं, तिसऱ्या दिवशी त्यात काहीतरी वळवळलं. साहेबांनी जेवणाचा डबा घरी परत पाठवला. विमा उतरवायला आलेला एक गृहस्थ दारातूनच म्हणाला, "कोणी मेला काय?" आणि उत्तराची वाट न बघता गेला.

पाचव्या दिवशी साहेबांनी स्वखर्चाने कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. आठव्या दिवशी निकाल आला: म्हैस काळीच होती.

तुळसाला बोलावणं गेलं. दसऱ्याला चार दिवस होते. साहेब तोंडाला रुमाल धरून व्हरांड्यात बसले होते. चेक म्हशीचा होता, औषधाचा नव्हता. त्यांनी पावती पुढे सरकवली आणि वाचून दाखवली. "'माझे पूर्ण समाधान झाले आहे.' इथे अंगठा."

"समाधान कोणाचा?"

"तुमचं. त्याशिवाय चेक देता येत नाही."

तुळसाने एकदा चेककडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग ती पायरी उतरून गटारापर्यंत गेली, घसा खाकरून सावकाश थुंकली, वर आली आणि अंगठा उठवला.