आम्लात न धुतलेल्या बाटल्या

"गाठ पसरली आहे. उद्याच दाखल करा," डॉक्टर फोनवर म्हणाले. मी "बरं" म्हणालो आणि बाटल्या धुवायला वळलो. काचेपलीकडे ही, माझी बायको, चिकणमातीचं पाणी गाळायच्या तयारीत होती. तिला आज सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत ही तपासनीस, मी बाटल्या धुणारा. मातीत स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, पाणी घालून दिवसभर हलवायचं, मग गाळायचं. गाळलेल्या पाण्यात औषध टाकलं की जेवढा स्फुरद उरला असेल तेवढा निळा रंग येतो. टेकडीकडची तांबडी चिकणमाती स्फुरद धरून ठेवायची, म्हणून तिला तो जेमतेम यायचा. "कंजूस सासू आहे ही माती," ही म्हणायची. "घेते ओंजळीने, देते चिमटीने." म्हणून खत फेकू नका, मुळांशी द्या, असं ती वीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आली होती.

त्या दिवशी पाणी गडद निळं झालं.

"अहो, मातीने काहीच धरलं नाही. बाटल्या आम्लानेच धुतल्या ना?"

"मग काय, उष्ट्या ठेवल्या?"

"तसं नाही हो. बाटल्या धुण्यात तुमचा हात कोण धरणार."

निघताना मोरीवर फरशीच्या पावडरचा डबा उघडा दिसला. त्या पावडरीत स्फुरद असतो. बाटल्यांना ती कधीच लावायची नसते. फोननंतर माझा हात त्या डब्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला आजार सांगितला, तेव्हा मलाही आत्ताच कळल्यासारखा चेहरा मी केला. आता बाटल्यांचं सांगायचं तर फोनचंही सांगावं लागणार होतं.

तिने दवाखान्यातल्या खाटेवर त्या मातीची फाइल मागवली आणि लिहिलं, 'या मातीबद्दलचा माझा सल्ला चुकीचा होता.'

"वीस वर्षं लोकांना खड्ड्यात घातलं हो मी."

"पाणी देऊ का थोडं?" मी विचारलं.

नवव्या दिवशी ती गेली.

परवा प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, नुसत्या तुमच्या शब्दावर नोंद खोडता येत नाही. तपासणी पुन्हा व्हायला हवी."

माती शिल्लक आहे. बाटल्या मी आम्लाने धुऊन ठेवल्या आहेत. हिच्या जागी अजून कोणाला नेमलेलं नाही. फाइलमधली तिची ओळ तशीच आहे.