मोकळं मनगट

सकाळी बुनमीने कापसाचा दोरा घेऊन लेकाचे मनगट धरले, तर थोंगसायने ते असे हिसडले की भाताची टोपली उलटली.

"दोरा नको, आई. बाकी काय हवं ते कर."

त्याच्या मनगटाभोवती दोरीचे जुने काळे व्रण होते. लाओसमध्ये राजा गेला, कम्युनिस्ट आले, तेव्हा तारखात्यातल्या थोंगसायला 'थोड्या दिवसांच्या अभ्यासवर्गाला' नेले, ते अकरा वर्षे डोंगरातल्या छावणीत ठेवले. ट्रकमध्ये चढवताना त्याचे हात बांधले ते गावच्याच फोम्माने. फोम्मा आता गावप्रमुख होता. थोंगसाय सुधारला की नाही, हे तोच वर कळवणार होता. शेजारच्या गावातल्या एकाला अशाच एका निरोपावरून परत नेले होते.

समारंभ टाळण्याची सोय नव्हती. लांबून परतलेल्या माणसाचे भटकलेले बत्तीस प्राण बोलावून मनगटाला दोऱ्याने बांधून ठेवायचे, हे कुठलेच घर चुकवत नाही. त्यातून फोम्माने स्वतःच "येतो" म्हणून सांगितले होते.

दुपारी घरात पूजेसाठी रचलेल्या झेंडूच्या मनोऱ्याभोवती गाव जमले. म्हाताऱ्या पुरोहिताचे प्राण बोलावणे काही संपेना.

"आटपा हो आजोबा," शेजारीण केओ म्हणाली. "एवढी दारू मांडलीय, निम्मे प्राण वासानंच आले असतील."

हशा पिकला. मग पहिला दोरा मानाच्या पाहुण्याचा, म्हणून फोम्मा पुढे सरकला.

"आण हात. घाबरतोस काय? माझी गाठ तुझ्या ओळखीची आहे."

या वेळी कुणी हसले नाही. थोंगसायला हात मांडीवरून उचलवेना. फोम्मा त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होता.

बुनमीने मध्येच आपले मनगट पुढे केले. "आधी माझं. इतकी वर्षं माझे प्राण तरी कुठं जाग्यावर होते? म्हातारीला डावलून पोराला बांधशील होय रे?"

"मावशी, समारंभ त्याचा आहे."

"मग तो धरेल की माझं कोपर."

ज्याला बांधतात त्याला हात लावला की आशीर्वाद आपल्यालाही पोचतो, हे फोम्मालाही ठाऊक होते. भरल्या घरात वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणणे त्याला जमेना. सवयीने त्याने घट्ट बांधले आणि ठरलेले शब्द म्हटले: दुखणे जावो, आयुष्य वाढो. आईच्या कोपराखाली थोंगसायचा तळवा होता.

केओ उठली. तिनेही आपला दोरा बुनमीलाच बांधला. तिच्यामागच्यानेही. पुढे सगळेच तसे करत गेले.

फोम्माने दोन पेले घेतले, "कार्यक्रम नीट पार पडला" असे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला आणि निघाला. आता वरही त्याला तेच कळवावे लागणार होते.

माणसे पांगल्यावर थोंगसाय आईजवळ बसला. हे दोरे तीन दिवस तोडायचे नसतात. फोम्माच्या दोऱ्याखाली त्याने करंगळी घालून पाहिली. जाईना.

"यानं बोटं बधिर होतात गं," तो म्हणाला. मग दोरा न तोडता तो नखाने ती गाठ थोडी थोडी सैल करू लागला.