माझ्या डोक्यावरची दुसरी सही

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माझ्या डोक्यावर ज्याची सोनेरी सही आहे, त्या माणसाने मला कधी पाहिलंसुद्धा नाही.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण माझ्यासारखीला 'सिग्नेचर मॉडेल' म्हणतात. कुणा नामवंत वादकाच्या हाताच्या मापाने मान घडवायची, तारांचा आवाज टिपणारे त्याच्या आवडीचे पिकअप बसवायचे, त्याला हव्या तशा खुंट्या लावायच्या, आणि मग तशाच शेकडो बहिणी कारखान्यातून बाहेर काढायच्या. प्रत्येकीच्या कपाळी तीच सही, आणि सहीवाला मात्र साता समुद्रांपार. आम्ही जन्मभर त्याची वाट पाहतो. ज्याचं नाव लावलं त्याचा हात कधी लागलाच नाही, असं ते जगणं.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरातल्या एका दुकानात मी भिंतीवर टांगलेली होते. शेजारी माझ्यासारखीच एक बिनसहीची होती. किंमत माझ्या निम्मी. एका शनिवारी श्रेयस आणि ज्ञानदा तिथे आले. तो चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, आणि ही त्याची बायको. श्रेयस माझ्यासमोर उभा राहिला तो हलेचना.

"अरे, ही शेजारची अगदी हिच्यासारखीच आहे," ज्ञानदा म्हणाली. "हिला काय सोनं लागलंय?"

"ही सिग्नेचर मॉडेल आहे गं."

"म्हणजे सहीचे पैसे? मग शेजारची घे. मी करून देते सही, फुकट!"

श्रेयस खो खो हसला, आणि त्याने मलाच घेतलं.

आम्ही सायकलींवरून न्यूनेनला, त्यांच्या घरी निघालो. ज्ञानदा पुढे, मागे श्रेयस, त्याच्या पाठीवर मी. कालव्याकाठी समोरून वारा आला की ज्ञानदा ओव्या म्हणायची. मावशीच्या तोंडून ऐकता ऐकता तिला येऊ लागल्या होत्या, आणि या परक्या पाण्याकाठी ती त्यांत स्वतःच्या ओळी घालायची.

हाक मारिते मी सये, दूर पाण्याच्या गं काठी
ओ देणारं गं माणूस, माझ्या चालतं गं पाठी

"ओऽऽ!" मागून श्रेयस ओरडायचा. ती वळून न पाहता हसायची. तिचं हसणं मला तिच्या पाठीवरून कळायचं.

माझी जागा वरच्या माळ्यावर, जिन्याच्या तोंडाशी. ही घरं उंच आणि अरुंद. खालच्या स्वयंपाकघरात कुणी बोललं, तरी जिन्याच्या पोकळीतून ते थेट माझ्यापर्यंत येई. संध्याकाळी श्रेयस वर येऊन मला वाजवी. कधी ज्ञानदाही येई. पण तिचा आवाज माझ्यावर बसेना.

"तुझी ही पट्टी मला झेपत नाही रे," ती एकदा वैतागली. "पांढरी सहा वगैरे तुझ्या रॉकवाल्यांची. मी काळी चारची बाई!"

तिला पेटीची भाषा येत होती, गिटारची नाही. श्रेयस पाठ फिरवून बसला आणि माझी एकेक खुंटी हळूच सैल केली. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने खाली उतरल्या. पाचवी तार पांढरी सहावरून काळी चारवर येऊन थांबली.

"हं, आता गा."

ती गायली. आवाज कसा बिनकष्टाचा लागला! आपला गळा आज मोकळा आहे, एवढंच तिला वाटलं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण मित्रांनो, त्या दिवसानंतर त्याने मला पुन्हा कधी वरच्या पट्टीत चढवलं नाही.

मग एक खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असे. लॅपटॉप, ड्रिल, दोन सायकली आणि मी. घरातलं कोरडं कुंकू संपलं होतं, म्हणून ज्ञानदाने इंडियन दुकानातली ओल्या कुंकवाची बाटली काढली. बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर, नेमकं त्या सोनेरी सहीवर, टिळा लावला. माझं पॉलिश नाजूक. बाटलीतल्या त्या रसायनाने ते विरघळलं, आणि लाल रंग आत मुरला. ती पुसायला गेली तर सहीची अर्धी अक्षरंही पुसट झाली.

"अगं बाई! काय केलं मी हे!" ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढे पैसे ज्या सहीला दिलेस, तीच घालवली."

श्रेयसने मला उजेडात धरून पाहिलं. "करून देते म्हणाली होतीस ना? दिलीस सही. आता ही तुझं सिग्नेचर मॉडेल."

त्यांची मुलगी हिमानी तेव्हा लहान होती. "मला पण सही!" म्हणून ती कपाळ पुढे करून उभी राहिली.

सुखाचे दिवस सांगायला वेळ लागत नाही, मित्रांनो. गेल्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, श्रेयस सायकलवरून ऑफिसला निघाला. त्याच कालव्याकाठी त्याचं हृदय थांबलं. सायकल घरी आली. तो आला नाही.

माळ्यावर कुणी येईना. माझ्या अंगावर धूळ बसली, तारांवर गंज चढला. पण त्या सहीवाल्याची एक गोष्ट खरी निघाली. त्याने पसंत केलेल्या खुंट्या तारेला घट्ट कुलूप घालतात. श्रेयसने लावलेला सूर माझ्यात जसाच्या तसा कोंडलेला राहिला.

आणि मग ते सुरू झालं.

ज्ञानदा खालून हाक मारी, "हिमानीऽऽ, जेवायला येऽऽ!" कुठलीही आई मारते तशी लांबवलेली हाक. गाणारीची हाकही सुरात असते. ती काळी चार जिना चढून वर येई, मला भिडे, आणि कुणाचं बोट न लागता माझी पाचवी तार थरथरू लागे. अगदी बारीक. हाक संपली, की घराच्या शांततेत ते मागे उरे. ऊंऽऽ. कुणीतरी वरून ओ दिल्यासारखं.

पहिल्यांदा ज्ञानदाच्या हातातला डाव खाली पडला.

"हिमू, वर कुणीतरी आहे."

"आई, इट्स द वॉर्मटेपॉम्प," पंधरा वर्षांची हिमानी म्हणाली. "ते हीटिंगचं मशीन घरघरतं. दॅट्स ऑल."

"मशीन मी हाक मारल्यावरच घरघरतं होय गं?"

हिमानी वर येऊन बघून गेली. मी गप्प. मी आपणहून बोलू शकत नाही ना!

मला वाटे, मी तिला धीर देते आहे. पण मी तिला घाबरवत होते. ती हाक मारी आणि मान वाकडी करून ऐकत राही. कधी जिन्याच्या तळाशी येऊन हळूच म्हणे, "श्रेयस?" त्या हळू आवाजात तो सूर नसे, म्हणून मी गप्प राही. त्या गप्पपणाने ती आणखीच खचे. शेवटी तिने हाक मारणंच सोडलं. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावरच्या मुलीला ती फोनवर लिहून पाठवू लागली: 'जेवण.' ओव्या तर कधीच बंद झाल्या होत्या. ते घर आतून मुकं झालं.

एके दिवशी तिने हिमानीला सांगितलं, "मी बाबाची गिटार विकतेय. तो गेल्यापासून मी वर गेले नाही, आणि ती वर आहे तोवर तोच ओ देतोय असं वाटून मला या घरात राहवत नाही."

"नेय, आई! प्लीज! त्याच्या बाकी सगळ्या वस्तू दिल्यास. ही नको."

"मग मी वेडी होऊ का?"

हिमानी खोलीत निघून गेली. दार आपटलं, तेव्हाही माझ्या तारा हलल्या. पण ती ओ नव्हती, नुसती धडक होती.

ब्रेडा शहरातून मला विकत घ्यायला रणजित नावाचा माणूस आला. आपलाच, मराठी. सह्यांच्या गिटारी जमवणं हा त्याचा छंद. माळ्यावर आल्या आल्या त्याने मला उचलून खिडकीशी धरलं. ज्ञानदा जिन्यातच उभी राहिली. हिमानी भिंतीला टेकून त्याच्याकडे रागाने बघत होती.

"बाकी उत्तम आहे, वहिनी. पण सिग्नेचर मॉडेलची किंमत सहीत असते. नाहीतर लाकूड नि तारा कुठेही मिळतात. आणि इथे नेमकं कुंकू सांडलंय." त्याने खिशातून फडकं काढलं. "हरकत नाही. माझ्याकडे पॉलिश आहे, कुंकू पुसून टाकलं की..."

तो थांबला. जीभ चावली. ज्ञानदाचं मोकळं कपाळ त्याला तेव्हा दिसलं.

"सॉरी, वहिनी. मला तसं नव्हतं म्हणायचं."

अवघडून जाऊन त्याने माझ्या तारांवरून हात फिरवला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"अरेच्चा, ही तर सगळीच उतरवलीय. बरोबर अर्धा स्वर. घरात कुणी गाणारं होतं का?"

"का?" ज्ञानदाने विचारलं.

"गाणाऱ्याच्या गळ्यासाठी असं करतात. ही पाचवी तार ऐका. पेटीवर हिला काळी चार म्हणतील. थांबा, मी जागेवर आणतो." त्याने खुंटीचं कुलूप चिमटीत धरलं.

मित्रांनो, कुलूप उघडलं असतं तर श्रेयसची शेवटची खूण क्षणात वितळली असती. मला ओरडता आलं नाही.

"हात काढा!" ज्ञानदा ओरडली. "हात काढा तिच्यावरचा!"

तो दचकून मागे झाला. ज्ञानदाने मला त्याच्या हातातून घेतलं, माझ्या जागी उभं केलं, आणि काही न सांगता जिना उतरून थेट तळाशी गेली. तिथे तिने श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. पहिला शब्द फाटकाच निघाला. मग सूर लागला.

हाक मारिते मी सये, दूर पाण्याच्या गं काठी...

माझी पाचवी तार जागी झाली. ऊंऽऽ.

"आई!" हिमानी माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती, तारेच्या अगदी जवळ कान नेऊन. "आई, हीच आहे! इट्स यू! तू गातेस ना, म्हणून ती वाजते! बाबाने तिला तुझ्यासाठी लावलीय!"

खाली ज्ञानदा पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. रणजितने फडकं घडी करून खिशात घातलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "वहिनी, ही विकू नका. आणि दुसऱ्या कुणाला खुंट्यांना हात लावू देऊ नका."

आता माझ्या अंगावर धूळ नाही. जेवणाची हाक पुन्हा जिन्यातून येते, आणि मी ओ देते. लोक विचारतात, सहीच्या गिटारीला एवढी किंमत द्यावी का? मला विचाराल तर सहीवाल्याने मला फक्त खुंट्या दिल्या. त्या खुंट्यांनी जे धरून ठेवलं, त्याची किंमत दुकानात लिहिलेली नव्हती.

पण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी ज्ञानदाने ओवीची दुसरी ओळ म्हटली, 'ओ देणारं गं माणूस', तेव्हा माझी सहावी तारही थरथरली. तो तिचा सूर नव्हता, दार आपटलं नव्हतं, वाराही नव्हता. ती का हलली, मला ठाऊक नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर पुसा, तिची काळजी घ्या. पण तिची खुंटी पिळण्याआधी क्षणभर थांबा आणि तिला एकदा हाक मारून पाहा. कुणीतरी तिला तुमच्या सुरात लावून गेलेलं असेल.