जुळणारा नंबर

"डॉक्टर, दात बघायचा आरसा आहे का हो जवळ? तो लांब दांडीचा?" बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकलेल्या नंबरबाईंनी डोकं वर न काढताच विचारलं.

"आहे की बॅगेत. पण इथे कशाला?"

"इंजिनाची अक्कलदाढ बघायचीय."

दातांचे डॉक्टर हसत आपल्या बॅगेकडे वळले. दवाखाना उघडायच्या आधी तासभर वेळ काढून ते आले होते. शेडमधली ही हिरवी, चार दारांची, अडुसष्ट साली अमेरिकेत बनलेली गाडी त्यांना घ्यायची होती, पण इंजिन मूळचंच हवं, गाडीबरोबर कारखान्यातून निघालेलं, असा त्यांचा हट्ट होता. तेवढं तपासून लिहून द्यायला त्यांनी नंबरबाईंना बोलावलं होतं.

नंबरबाईंनी वाहन नोंदणीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं खिडकी सांभाळली होती. इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा, पेन्सिल घासून छाप उतरवायची, नोंदीशी ताडायची, सही करायची. इतरांना ते काम म्हणजे शिक्षा वाटे. बाईंना त्याचं वेडच लागलं. "हिला माणसांचे वाढदिवस आठवत नाहीत, इंजिनांचे आठवतात," असं त्यांचा नवरा चारचौघांत सांगायचा. निवृत्त झाल्यावर जुन्या गाड्यांचे शौकीन त्यांचं घर शोधत यायला लागले. अमेरिकन गाडी म्हटलं की बाई हातातलं काम टाकून उठत. त्या इंजिनांवर नुसता नंबर नसे; जुळणी कुठल्या कारखान्यात झाली, कुठल्या महिन्यात, कितव्या दिवशी, कुठल्या गिअरबॉक्ससाठी, सगळं पाचसहा अक्षरांत लिहिलेलं असे. सत्तावीस वर्षांत आपल्या हातून एकही खोटा नंबर पुढे गेला नाही, हे त्या सहज सांगायच्या, जसं एखादी बाई सांगते की माझं दूध कधी उतू गेलं नाही.

सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजवीकडे, दोन बोटं रुंदीची सपाट पट्टी असते. तिच्यावरचं तेलकट किटण बाईंनी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, छाप घेतली. गाडीचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळला. शेजारची अक्षरंही चोख होती: मार्चची सात तारीख, आठ सिलिंडर, हाताने टाकायचा गिअर. डॉक्टरांचा चेहरा उजळला. गाडीच्या मालकाची मुलगी, जी कामावरून अर्धी सुट्टी काढून आली होती, ती चहा ठेवायला आत गेली.

पण बाईंचं बोट त्या पट्टीवरून पुन्हापुन्हा फिरत राहिलं. पट्टी गुळगुळीत होती. कारखान्यातलं यंत्र ती कापतं तेव्हा तिच्यावर केसातून फणी फिरवावी तशा बारीक रेघा राहतात. इथे रेघा नव्हत्या. शिवाय तीनचा आकडा जरा कलंडलेला होता. कारखान्यात सगळी अक्षरं एका साच्यात धरून ठोकतात. त्यातलं एकटंच कसं कलंडेल?

म्हणून आरसा हवा होता. इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे चिकटतो तिथे, लोखंड ओतलं त्या दिवसाची तारीख असते. ती ठोकलेली नसते. ओतीव, उठावाची असते, आणि तिथवर कुणाचं लक्ष जात नाही.

बाईंनी एका हाताने बॅटरी धरली, दुसऱ्या हाताने दातांचा आरसा आत सरकवला. आरशात अक्षरं उलटी दिसत होती. त्यांनी ती एकेक करून सुलटी केली. एफ. बारा. एक.

"काय निघालं? कीड?" डॉक्टरांनी विचारलं.

बाई सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एफ म्हणजे सहावा महिना, शेवटचा एक म्हणजे एकाहत्तर साल. बारा जून एकाहत्तर. हे लोखंड त्या दिवशी ओतलंय. आणि पुढची पट्टी म्हणते, इंजिन अडुसष्टच्या मार्चमध्ये तयार झालं. म्हणजे लेक आधी जन्मली आणि आई तीन वर्षांनी."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन दुसरं आहे. आणि नंबर कुणीतरी घरी ठोकलाय. छान ठोकलाय, पण घरी ठोकलाय."

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या मुलीने ते ऐकलं. "हे शक्यच नाही," ती म्हणाली. "बाबांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही. अर्ध्या गावाला गाडी शिकवलीय त्यांनी. ह्याच गाडीवर."

तिचे बाबा शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग शिकवलं होतं, ते या लांबलचक गाडीवर. 'हिला वळवता आलं की जहाज वळवता येईल,' असं नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. आता वय चौऱ्याऐंशी. मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला जायचं ठरलं होतं आणि तिथे गाडीला जागा नव्हती.

"बाबा, सांगा ना यांना! इंजिन मूळचंच आहे ना?"

मास्तरांनी कप घेतला, बशी मांडीवर ठेवली. "मी मूळचं आहे असं कधी म्हटलं? नंबर जुळतो, असं म्हटलं. डॉक्टरांना विचार."

डॉक्टर आठवायला लागले. "हो... तसंच म्हणाला होतात खरं."

"बाबा!"

"कुठे सापडलो हो बाई मी?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात शरम नव्हती, उत्सुकता होती. "मला बघायचंय. तीनचा आकडा ना?"

"तीन कलंडलाय. पण खरं म्हणजे रेघा."

"कसल्या रेघा?"

बाईंनी त्यांना हात देऊन उठवलं, बॉनेटपाशी आणलं. दोन पिकली डोकी इंजिनावर वाकली. यंत्राच्या रेघा कशा असतात, कानस मारल्यावर त्या कशा जातात, हे बाईंनी पट्टीवर नखाने दाखवलं. मास्तर मन लावून ऐकत होते. "हे मला कोण सांगणार तेव्हा," ते म्हणाले. "मी आपला घासून घासून चकचकीत केलं. वाटलं, जितकं स्वच्छ तितकं खरं दिसेल. तीनच्या वेळी हातोडी निसटली, बघा. अंगठा आठ दिवस काळा होता."

"पण कशासाठी केलंत?"

"जुन्या इंजिनाला तडा गेला. पाणी तेलात, तेल पाण्यात. भंगारवाल्याकडे असंच एक इंजिन मिळालं, ते बसवलं. मग नोंदणीच्या कचेरीत गेलो, की बाबांनो, इंजिन बदललंय, लिहून घ्या. तर म्हणे भंगारातल्या इंजिनाचे मूळ कागद आणा. ते कुठून आणू? तीनदा गेलो, तीनदा परत आलो. दोन महिने गाडी उभी. शिकायला येणारे दुसरीकडे जायला लागले. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, 'मास्तर, माझा वेळ घेऊ नका. कागदाशी जुळणारा नंबर घेऊन या.'" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आणला."

खिडकीवरच्या बाई म्हणजे कोण, हे मुलीलाच आधी उमगलं. गाडीची फाइल ती सोबत घेऊनच आली होती. तिने पानं उलटली. एका पिवळ्या कागदावर पेन्सिलची छाप होती, कलंडलेल्या तीनसकट, आणि खाली निळ्या शाईत नंबरबाईंची दोन अक्षरी सही.

बाईंनी कागद हातात घेतला. छाप सुंदर उतरली होती. चौतीस वर्षांपूर्वीचा त्यांचाच हात, एकसारखा दाब, कुठे डाग नाही. त्या दिवशी त्यांनी आकडे पाहिले होते, जुळतात हे पाहिलं होतं. रेघा पाहिल्या नव्हत्या. रेघा बघायच्या असतात हे त्या पुढे सातआठ वर्षांनी शिकल्या.

"मला तुम्ही आल्याआल्या ओळखलंत?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"आवाज ओळखला. थांबून बघितलं, काय करता ते."

"आणि मी नुसता नंबर बघून गेले असते तर?"

"तर गप्प बसलो असतो," मास्तर सरळ म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

बाईंना हसू आलं आणि ते पुरतं येण्याआधीच ओसरलं. त्या खुर्चीवर बसल्या. समोरचा हा माणूस तेव्हा कसा दिसायचा, काय घालून यायचा, त्यांना काही म्हणजे काही आठवेना. खिडकीतून फक्त हात दिसायचे आणि कागद. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "इंजिन बदलल्याचं साहेबांच्या सहीने नोंदवता आलं असतं. जरा उठून आत जावं लागलं असतं, इतकंच."

"रांग मोठी असायची तुमच्याकडे," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला. "म्हणजे मूळ इंजिन गेलंच म्हणायचं."

"गेलं कुठे? मागे आहे."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"फेकवेना मला. मागच्या अंगणात बाक आहे ना, मुलं आपली पाळी येईपर्यंत बसायची तो? त्याच्या एका टोकाला विटा आहेत. दुसऱ्या टोकाला ते आहे."

"बाबा, तो काळा दगड?" मुलगी म्हणाली. "मी त्यावर पाय ठेवून शाळेच्या बुटांची नाडी बांधायचे."

"दगड कुठला! आठ सिलिंडर आहेत त्याला."

बाई सगळ्यांच्या आधी अंगणात पोचल्या. डॉक्टरांनी फळी उचलून भिंतीला लावली. खाली डांबर फासलेलं, मातीत बोटभर रुतलेलं धूड होतं. भोकांत वाळकी पानं आणि एक चेंडू. एका कुशीवर केसासारखा लांब तडा. बाई गुडघ्यांवर बसल्या. चाकूने डांबर खरवडलं, रॉकेलचा बोळा फिरवला. लोखंड हळूहळू करडं झालं. मग तिरपी बॅटरी धरली, आणि पट्टीवर रेघा उमटल्या. बारीक, सरळ, एकीशेजारी एक. त्यांच्यावर तीच अक्षरं, तोच क्रमांक, आणि ताठ उभा तीन.

"बघा, बघा," बाई म्हणाल्या. डॉक्टर पँटची पर्वा न करता शेजारी बसले. मास्तरांना जमिनीपर्यंत वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मुलीचा खांदा धरून, डोळे बारीक करून पाहिलं. बाईंनी छाप घेतली. कोपरा वाऱ्याने उडत होता, तो मुलीने दाबून धरला.

अहवाल त्यांनी तिथेच, फळीवर कागद ठेवून लिहिला. गाडीतलं इंजिन मूळचं नाही. मूळ इंजिन तडा गेलेल्या अवस्थेत मालकाजवळ उपलब्ध. गाडीतल्या इंजिनावरचा नंबर मालकाने ठोकला. आणि खाली, कुणी विचारलं नसताना: तो नंबर कचेरीत मीच तपासून मंजूर केला होता. माझ्या लक्षात आलं नाही.

"शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"चाललं असतं," बाई म्हणाल्या आणि सही केली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मी दोन्ही नेतो. तडा भरणारे असतात म्हणे. आमच्याकडे पण भरतात."

दुपारी चार माणसं आणि एक टेम्पो आला. धूड उचलताना चौघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला. ते निघालं तिथे जमिनीत एक ओलसर चौकोन राहिला, पांढऱ्या मुळ्यांचा, आणि उजेड पडताच चार किडे सैरावैरा पळाले. मुलगी फाटकाशी टेम्पोला हात दाखवत होती. मास्तर चौकोनापाशी उभे होते. मग त्यांनी चपलेच्या टोकाने कडेची सुकी माती थोडी थोडी आत लोटली, आणि एक पाय वर ठेवून सावकाश दाबली.