रंगूनहून आलेला राजा

जयवंताने आपलं हिरवं लुगडं गजाच्या खांद्यावर नीट चापून बसवलं आणि त्याच्या मिशांकडे बघून तिला हसू आलं.

"मिशा परयोगाच्या दिवशी काढनार, वैनी," गजा न्हावी म्हणाला. "आज नुसती तालीम हाय."

रविवारची दुपार होती. कर्जतच्या शाळेच्या पडवीत हिरामण मास्तरांचं नाटक उभं राहत होतं. गोष्ट ग्रीकांच्या जुन्या महाकाव्यातली: लढाईवर गेलेला राजा वीस वर्षांनी भटकत घरी येतो, आणि राणी त्याला ओळखीची खूण विचारते. पण बेचाळीस साल उलटून वर्ष झालं नव्हतं. जपानचे बाँब पडले म्हणून रंगूनला कामाला गेलेली माणसं डोंगर तुडवत परतली होती. मास्तरांनी राजाचा गोदीतला हमाल केला, समुद्राच्या जागी जंगल घातलं, आणि ते काम जयवंताच्या नवऱ्याला दिलं. चांगो खरोखरच रंगूनहून चालत आला होता.

तिचा धाकटा भाऊ नागू त्याच्याबरोबर गेला होता. नागू रंगूनच्या इस्पितळात तापाने गेला, एवढंच चांगोने तिला सांगितलं होतं.

"माझे धनी असाल तर खूण सांगा," गजा बारीक आवाज काढून म्हणाला.

चांगोने परसातला फणस सांगायचा होता. मास्तरांनी हळूच वाक्य पुरवलं.

"खूण नाय," चांगो म्हणाला. "समदं वाटंत टाकलं. नागूला पाठीवर घेतला व्हता. तिसऱ्या डोंगराला माझा पाय उचलंना. तो म्हनला, दाजी, मला ठेवा, तुमी व्हा म्होरं. मी ठेवला. जिता व्हता."

मास्तरांनी वहीत पाहिलं. असलं काही तिथं नव्हतं.

जयवंता खांबाला धरून उभी होती. ती पुढे आली.

"पानी पाजलंत त्याला?"

"पाजलं. उरलेलं त्याच्यापाशीच ठेवलं."

तिने पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने त्याचं.

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. "राणी आता काय म्हणते?" त्यांनी जयवंताला हलकेच विचारलं.

परतल्यापासून चांगो घराबाहेर, ओसरीवर निजत होता. आत उकडतं, म्हणायचा.

"आजपासनं आत निजा," जयवंता त्याला म्हणाली.

मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही.