पाळण्याच्या हुकाचं डिपॉझिट

भाडेकरू येतो तेव्हा घरमालकाला देव वाटतो आणि जायला निघाला की चोर! मंडळी, कुणाच्या घरात घडत नाही हो हे? भोरच्या गंगाधररावांच्या घरी त्या सकाळी नेमकं हेच चाललं होतं.

गंगाधरराव कचेरीतून निवृत्त झालेले. वरच्या दोन खोल्यांत कुमार आणि वैष्णवी राहत. कुमारची बंगळूरला बदली झाली, सामान बांधून झालं आणि गंगाधररावांनी छताकडे बोट दाखवलं.

"स्लॅबला भोक पाडून हुक लावलायस. डिपॉझिट परत मिळायचं नाही!"

हुक पाळण्याचा होता. कुमार-वैष्णवीची चार महिन्यांची शेफाली त्यात झोपायची.

कुमारचा चेहरा उतरला. "काका, बंगळूरचा मालक दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागतोय. तिथली रीतच तशी आहे. तुमच्याकडचे पैसे धरून कशीबशी जमवाजमव केली होती. नाही मिळाले तर मी एकटाच जाईन, मित्राच्या खोलीत पथारी टाकीन. ह्या दोघी वेल्ह्याला, हिच्या माहेरी राहतील."

"बघ! तिथं दहा महिन्यांचं, मी तीनच महिन्यांचं घेतलं. आपल्या राज्यात तर कायद्यानं मर्यादासुद्धा नाही." आपण तीनच घेऊन उपकार केले, असं गंगाधररावांना मनापासून वाटत होतं.

वैष्णवीनं लेकीची दुपटी कुमारच्या बॅगेतून काढली आणि वेगळ्या पिशवीत भरू लागली.

गंगाधरराव खाली उतरले, तेवढ्यात वेल्ह्याहून तिचे वडील, गेनबा, सामान न्यायला टेम्पो घेऊन आले. खांद्यावर आंबेमोहोर तांदळाचं पोतं. ते त्यांनी थेट गंगाधररावांच्या स्वयंपाकघरात नेऊन टेकवलं.

"अहो, हे कशाला?" गंगाधरराव म्हणाले.

"कशाला म्हंजी? पोरीची आय आजारी, म्हनून बाळंतपन हितंच झालं. तुमच्या मंडळींनी डिंकाचं लाडू केलं, बाळाला न्हाऊमाखू घातलं. म्या कसं फेडनार? शेतातलं हाय, गोड मानून घ्या." एवढं बोलून गेनबा सामान उचलायला वर गेले.

गंगाधररावांच्या पत्नी सुलूताई निवृत्त शिक्षिका. सकाळपासून त्या सगळं ऐकत होत्या.

"शेजारणीनं भाजीची वाटी पाठवली तर आपण ती रिकामी परत करतो का हो?"

"नाही. चिमूटभर साखर तरी घालतेस."

"आणि लोकांनी विश्वासानं ठेवलेला पैसा तुम्ही गिळायला निघालात?"

"पण स्लॅब..."

"स्लॅब! बारशाला आत्या पोचली नाही, तेव्हा त्याच हुकाखाली बाळाच्या कानात नाव मी सांगितलं. तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. तेव्हा दिसलं नाही भोक?"

"कायद्यानं..."

"कायदा मला शिकवू नका! राज्य बदललं की कायदा बदलतो, कबूल. केंद्राच्या नमुना कायद्यात घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा आहे, पण ज्या राज्यानं तो स्वीकारला तिथंच ती चालते. आपल्याकडे मर्यादा नाही. पण करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, ती पाळलीत? की कायदाही सोयीपुरताच? आणि मर्यादा नाही म्हणून पैसा आपला झाला का?"

गंगाधरराव खुर्चीत बसले. वर शेफाली रडत होती. रोज संध्याकाळी ती त्यांच्याच खांद्यावर शांत व्हायची. अरेरे! एवढ्याशा भोकापायी हे लेकरू बापाला पारखं होणार!

ते उठले, मोबाईलवर बोटं चालवली आणि धापा टाकत जिना चढले. "कुमार, मोबाईल बघ. सगळे पैसे पाठवलेत."

"काका, भोक बुजवायचे तरी कापून घ्या."

"अरे, सिमेंटचा एक गोळा लागतो! आण ती पोर इकडे." शेफालीला खांद्यावर घेताना त्यांचे डोळे भरून आले. "चुकलो रे बाबा," ते एवढंच म्हणाले.

वैष्णवीनं वाकून नमस्कार केला. गेनबांना डिपॉझिटचं काहीच ठाऊक नव्हतं. कुमारनं सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "मंग टेम्पो आधी कापूरहोळला, हमरस्त्यावर घेतो. तिघंबी बंगळूरची गाडी धरा. सामान म्या वेल्ह्याला ठिवतो नि मागनं धाडतो!"

पुढच्या भाडेकरूचा करार गंगाधररावांनी रीतसर नोंदवला.

मंडळी, डिपॉझिट किती घ्यायचं, हे कुठं कायदा ठरवतो, कुठं रीत. पण ते दुसऱ्याचं आहे, हे कुठल्याही राज्यात बदलत नाही. खरंच नुकसान झालं असेल तर खर्च दाखवून तेवढं कापा. बाकीचं ज्याचं त्याला द्या. त्यावर कुणाचा तरी संसार एकत्र राहणार असतो.